दृढीकरणानंतर काय? वागळे इस्टेट परिसरातील युवक, श्रद्धा आणि सेवाकार्य

प्रास्ताविक

दृढीकरण संस्काराचा दिवस प्रत्येक धर्मग्रामात आनंदाचा असतो. महागुरुस्वामी येतात, मुले-मुली रांगेने वेदीपुढे जातात, धर्ममाता व धर्मपिते त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहतात आणि पवित्र तेलाच्या अभ्यंगाने पवित्र आत्म्याचे दान त्यांना प्राप्त होते. त्यानंतर एक प्रश्न उरतो: हीच मुले पुढील वर्षी कोठे असतील? दहावी-बारावीचे शिकवणी वर्ग, महाविद्यालय, पहिली नोकरी आणि कामाच्या पाळ्या यांत त्यांतील कित्येकांचा धर्मग्रामाशी असलेला संबंध नाताळ व पवित्र सप्ताह यांपुरता उरतो. दृढीकरण हा धर्मशिक्षण वर्गाचा निरोप समारंभच होय, असे शहरी धर्मग्रामांत उपरोधाने म्हटले जाते, ते उगीच नव्हे.

सदर लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार ठाण्यातील वागळे इस्टेट या औद्योगिक परिसराच्या संदर्भात करीत आहोत. ख्रिस्ती समूह आपल्या मुलांना श्रद्धेत कसा वाढवतो, त्यांना सेवाकार्याकडे कसा नेतो, ख्रिस्तसभेची याविषयीची शिकवण काय आहे, आणि धर्मगुरू, धर्मभगिनी, डीकन वा प्रापंचिक सेवक होण्याचे मार्ग कोणते, याची एकत्रित माहिती पालकांना, धर्मशिक्षकांना व स्वतः युवकांना उपयोगी पडावी, हा आमचा हेतू आहे. आमचे मुख्य म्हणणे थोडक्यात असे आहे: तरुण माणूस समूहाशी जोडला जातो तो त्याच्यावर विश्वासाने सोपवलेल्या कामामुळे आणि ते काम करीत असताना त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसामुळे.

परिसर आणि समाज

वागळे इस्टेट हे ठाणे शहराच्या पश्चिम भागातील, मुलुंडच्या हद्दीजवळचे औद्योगिक क्षेत्र. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी याच ठिकाणी झाला. कारखान्यांच्या सोबतीने किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, हजुरी, लुईसवाडी अशा वस्त्या वाढत गेल्या आणि कामाच्या शोधात आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. पुढील दशकांत अनेक कारखाने बंद पडले किंवा अन्यत्र हलले, व त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये व सेवा केंद्रे उभी राहिली. वडिलांची पिढी कारखान्याच्या भोंग्यावर उठत असे. मुलांची पिढी संगणकापुढे रात्रपाळी करते. कामाचे स्वरूप पालटले, तरी घरातील माणसे एका वेळी एकत्र न भेटण्याची अडचण तशीच राहिली आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यातील कॅथलिक समाज एका मुशीतला नाही. येथे मूळचे ईस्ट इंडियन आहेत, वसईकर आहेत, गोवेकर व मंगळूरकर आहेत, केरळ व तमिळनाडूतून आलेले आहेत, आणि नगर, नाशिक व मराठवाडा येथून रोजगारासाठी आलेली मराठी भाषक कुटुंबेही आहेत. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील लॅटिन विधीची धर्मग्रामे मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. सिरो-मलबार विधीच्या श्रद्धावंतांसाठी १९८८ साली कल्याण येथे स्वतंत्र धर्मव्यवस्था स्थापन झाली. खाडीपलीकडील वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा करण्यात आला. एकाच इमारतीत राहणारी दोन कॅथलिक मुले दोन वेगळ्या विधींच्या धर्मग्रामांत जात असतील, तर त्यामागे हे कारण असते.

वागळे इस्टेटमधील चर्च व त्याला जोडून असलेली शाळा संत लॉरेन्स यांच्या नावाने ओळखली जातात. संत लॉरेन्स हे तिसऱ्या शतकातील रोमच्या ख्रिस्तसभेचे डीकन होते. समूहाच्या दानधर्माची व्यवस्था त्यांच्याकडे होती. इ.स. २५८ मध्ये छळाच्या काळात रोमन अधिकाऱ्याने ख्रिस्तसभेचा खजिना हजर करण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी शहरातील गोरगरीब त्याच्यापुढे उभे केले आणि हाच आमचा खजिना असे सांगितले, अशी परंपरा आहे. त्यांचा सण १० ऑगस्ट रोजी येतो. सेवा हेच ज्यांचे पद होते असा हा आश्रयदाता संत, कष्टकऱ्यांच्या वस्तीतील धर्मग्रामाला लाभला आहे. युवकांच्या घडणीचा विचार करताना त्यांचे उदाहरण आपल्या हाताशी आहे.

ठाणे व वसईची परंपरा

या भूमीला ख्रिस्ती साक्षीची परंपरा जुनी आहे. तोलेंतिनोचे धन्यवादित थॉमस व त्यांचे फ्रान्सिस्कन सोबती यांनी एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात हौतात्म्य पत्करले. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीची ही घटना आहे.

युवकांच्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेल्या या मुलाचे शिक्षण तेथील येशूसंघीय धर्मगुरूंकडे झाले. पौगंडावस्थेतच तो त्यांच्यासोबत जपानला गेला. तेथील भाषा त्याने आत्मसात केली आणि काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती; ती पूर्ण झाली नाही. पुढे त्याने व्यापार केला, आणि अखेरीस मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याने आपल्या सोबत्यांसह हौतात्म्य स्वीकारले. ८ जून १८६२ रोजी त्याला संतपद प्राप्त झाले, आणि तो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला.

या चरित्रातून दोन गोष्टी लक्षात येतात. मुलाच्या मनातील ओढ ओळखून त्याला लहान वयात जबाबदारीचे काम दिले गेले. आणि एक दार बंद झाले म्हणून पाचारण संपले नाही. गुरुविद्यालयात जाऊन परत आलेल्या तरुणाकडे आपल्या समाजात आजही कधी कधी अपयशी म्हणून पाहिले जाते. तसे पाहणाऱ्यांनी संत गोन्सालो यांचे आयुष्य आठवावे.

मराठी भाषेशी निगडित असे आणखी एक उदाहरण येथे नमूद करणे योग्य होईल. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी महाकाव्य १६१६ साली गोव्यात छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी असा प्रसंग येतो की, मुलांचे धर्मशिक्षण चालू असताना एक श्रोता उठून विचारतो, आमच्या पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचावे असे आम्हांस काही द्याल की नाही? प्रश्नोत्तरांचे पाठांतर पुरेसे नाही, मनाला भिडेल असे काही हवे, ही मागणी चारशे वर्षांपूर्वीची आहे. आजच्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांचे मौन ऐकले, तर तेही हेच मागते आहे असे आम्हांस वाटते.

जबाबदारी कोणाची?

युवकांची श्रद्धा आणि त्यांचे पाचारण हे प्रमुख धर्मगुरूंचे किंवा धर्मभगिनींचे काम आहे, असा समज सर्वत्र आढळतो. ख्रिस्तसभेची शिकवण याहून वेगळी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या, धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयीच्या आदेशपत्रात पाचारणाच्या संवर्धनाची जबाबदारी संपूर्ण ख्रिस्ती समूहावर टाकली आहे, आणि श्रद्धा, प्रेम व भक्तीने भरलेल्या कुटुंबाला पहिल्या गुरुविद्यालयाची उपमा दिली आहे. १९८३ च्या धर्मविधानातील कलम २३३ हेच कर्तव्य कायद्याच्या भाषेत सांगते. तेथे ख्रिस्ती कुटुंबे व शिक्षक यांचा विशेष उल्लेख आहे.

पोप पौल सहावे यांनी सुरू केलेला पाचारणासाठीचा जागतिक प्रार्थना दिन १२ एप्रिल १९६४ रोजी प्रथम पाळण्यात आला. पास्काकाळाच्या चौथ्या रविवारी, म्हणजे उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, तो येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये युवक, श्रद्धा व पाचारणाचा विवेक या विषयावर रोममध्ये महागुरुस्वामींची सभा भरली. त्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी ‘ख्रिस्तुस व्हिव्हित’ हे प्रबोधनपत्र दिले. त्याच्या नऊ प्रकरणांपैकी सातवे युवकांमधील कार्याविषयी, आठवे पाचारणाविषयी व नववे विवेकाविषयी आहे. युवक हे ज्यांच्यासाठी काही करावे असे लाभार्थी नसून ते स्वतःच या कार्याचे कर्ते आहेत, हा त्यातील आग्रह आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

बायबलमधील बाळ शमुवेलाची कथा हीच गोष्ट सांगते. रात्री त्याला हाक ऐकू आली, तेव्हा ती परमेश्वराची आहे हे त्याला उमगले नाही. तो पुन्हा पुन्हा वृद्ध एलीकडे धावला. एलीची नजर अधू झाली होती, त्याच्या घरातही सारे काही आलबेल नव्हते. तरीही ती हाक कोणाची हे त्याने ओळखले, आणि मुलाने काय उत्तर द्यावे हे त्याला सांगितले. हाक देणे हे देवाचे काम आहे. ती ओळखण्यास मदत करणे हे वडीलधाऱ्यांचे. आपल्या श्रद्धेत उणिवा आहेत म्हणून मुलांशी देवाविषयी बोलण्यास कचरणाऱ्या पालकांना एलीचे उदाहरण धीर देईल.

घडणीच्या पायऱ्या

घर. संत पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या श्रद्धेची आठवण काढली आहे. आपल्याकडेही श्रद्धा बहुतेक वेळा आजीच्या जपमाळेतून नातवंडांकडे आली. वागळे इस्टेटमधील लहान घरांत, जेथे आई-वडील दोघेही लोकलने कामाला जातात, तेथे रोजची सायंप्रार्थना कठीण होते हे खरे. अशा कुटुंबांनी आठवड्यातील एक ठरावीक रात्र तरी निवडावी. दहा मिनिटांची का होईना, सर्वांनी मिळून केलेली प्रार्थना मुलांच्या स्मरणात राहते. आई-वडील रविवारच्या मिस्साला न जाता मुलाला केवळ धर्मशिक्षण वर्गाला सोडून परत फिरतात, तेव्हा मूल त्यातूनही एक धडा शिकते, हे विसरता कामा नये.

धर्मशिक्षण. शालेय वर्षांत रविवारचे धर्मशिक्षण, साधारणतः आठ-नऊ वर्षांच्या सुमारास प्रथम ख्रिस्तशरीर आणि शाळेच्या शेवटच्या वर्षांत दृढीकरण, असा क्रम आपल्या परिसरात रूढ आहे. हे वर्ग बहुतांशी प्रापंचिक स्वयंसेवक चालवतात. आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी वर्ग घेणारी ही माणसे धर्मग्रामाचा खरा कणा आहेत. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकपदाला प्रापंचिकांचे अधिकृत सेवापद म्हणून मान्यता दिली. धर्मशिक्षकांना वर्षाकाठी एक आभारपत्र देऊन थांबण्याऐवजी त्यांच्या नियमित प्रशिक्षणाची सोय करणे हा या मान्यतेचा व्यवहारातील अर्थ होय.

वेदीसेवा. वेदीजवळ घंटा वाजवणारे, धूपदाणी धरणारे मूल मिस्साबलिदानाकडे आतल्या बाजूने पाहू लागते. अनेक धर्मगुरूंच्या पाचारणाची सुरुवात वेदीसेवेतून झाली आहे. १९९४ पासून महागुरुस्वामींच्या अनुमतीने मुलींनाही ही सेवा करता येते. आणि १० जानेवारी २०२१ च्या पत्राने वाचक व वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे स्त्रियांसाठी खुली झाली. वेदीसेवकांचे आश्रयदाते संत तार्सिसियुस यांचा सण १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सोहळ्याच्या दिवशीच येतो.

दृढीकरणानंतरची वर्षे. येथे साखळी तुटते. त्यामुळे दृढीकरणाच्या तयारीतच पुढील वर्षाचे काम ठरवून देणे हा सर्वांत साधा उपाय आहे. ज्याला वाचनाची आवड आहे त्याने वाचक मंडळात यावे, ज्याला वाद्य येते त्याने गायकवृंदात, जिला लहान मुलांत रमणे आवडते तिने पहिलीच्या धर्मशिक्षण वर्गात मदतनीस म्हणून. प्रत्येकासोबत त्या कामातील एक अनुभवी व्यक्ती नेमली जावी. संस्काराच्या दिवशी प्रमाणपत्र देताना त्यासोबत कामाची चिठ्ठी दिली गेली, तर तो दिवस निरोपाचा न राहता रुजू होण्याचा ठरेल.

युवा मंडळ आणि लहान ख्रिस्ती समूह. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूहांची रचना रुजली. एका चाळीतील वा इमारतीतील कुटुंबे एकत्र येऊन बायबल वाचतात आणि शेजाऱ्यांच्या अडीअडचणी पाहतात. या सभांना युवक फारसे दिसत नाहीत, कारण तेथे त्यांच्यासाठी काम नसते. आजारी शेजाऱ्याची औषधे आणणे, वृद्धांना बँकेचे व सरकारी अर्ज भरण्यास मदत करणे, लहान मुलांचा अभ्यास घेणे, ही कामे समूहाने युवकांकडे दिली, तर सभेला येण्याचे कारण त्यांना आपोआप मिळेल.

कामगार वस्तीसाठी जन्मलेली एक पद्धत

येथे बेल्जियममधील एका धर्मगुरूंचे कार्य सांगणे आवश्यक आहे, कारण ते वागळे इस्टेटसारख्याच परिसरातून उभे राहिले. कामगार कुटुंबात जन्मलेले जोसेफ कार्डाइन गुरुविद्यालयातून सुट्टीला घरी आले, तेव्हा कारखान्यात गेलेले त्यांचे शाळासोबती ख्रिस्तसभेपासून दुरावलेले त्यांना दिसले. या अनुभवातून त्यांनी १९२५ साली ‘यंग ख्रिश्चन वर्कर्स’ ही तरुण कामगारांची चळवळ आकारास आणली. पुढे १९६५ साली ते कार्डिनल झाले. विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर निघालेली ‘यंग ख्रिश्चन स्टुडंट्स’ ही चळवळ भारतातही कार्यरत आहे.

कार्डाइन यांची पद्धत तीन पावलांची आहे: पाहणे, पारखणे आणि कृती करणे. प्रथम आपल्या अवतीभवतीची एक प्रत्यक्ष परिस्थिती नीट पाहायची. मग ती शुभवर्तमानाच्या प्रकाशात पारखायची. आणि शेवटी आपल्या आवाक्यातील एक कृती ठरवून ती पार पाडायची. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात या पद्धतीची शिफारस केली.

वागळे इस्टेटमधील एखाद्या युवा मंडळाने ती कशी वापरावी, याचा एक नमुना असा. पाहणे: आपल्यातील किती जण कंत्राटी नोकरीत आहेत, किती जणांना रविवारी सुट्टी मिळत नाही, किती जणांचे भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडले आहे? पारखणे: श्रमाची प्रतिष्ठा व विश्रांतीचा दिवस यांविषयी शास्त्रवचने काय सांगतात? कृती: नोकरी करणाऱ्या युवकांसाठी कामगार हक्कांची माहिती देणारी एक सायंकाळ आयोजित करणे. अशा मंडळात येणाऱ्या तरुणाला श्रद्धा आणि सोमवारची नोकरी यांचा संबंध कोणी समजावून सांगावा लागत नाही.

या संदर्भात ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत म्हणून घोषित केलेल्या दोन तरुणांचा उल्लेख करावासा वाटतो. तुरीनचे पिएर जॉर्जो फ्रासाती खाणकामगारांची सेवा करता यावी म्हणून खाण अभियांत्रिकी शिकत होते. गरिबांच्या घरी जाणे त्यांच्या नित्यक्रमात होते. १९२५ साली चोविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मिलानचे कार्लो अकुतिस संगणकाची आवड असलेले शाळकरी विद्यार्थी होते. त्यांनी ख्रिस्तशरीराशी निगडित चमत्कारांची माहिती जगापुढे मांडली. २००६ साली पंधराव्या वर्षी ते निवर्तले. दोघांपैकी एकही धर्मगुरू नव्हता. तसेच आपल्या अनेक धर्मग्रामांत काम करणारी सेंट व्हिन्सेंट दी पॉल संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख फ्रेडरिक ओझानाम हे अवघ्या वीस वर्षांचे विद्यार्थी होते. आज या संस्थेच्या बैठकीत विशीतील सभासद विरळाच दिसतो, याची खंत ज्येष्ठांनीच बाळगावयास हवी.

सेवेचे मार्ग

पाचारण म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होणे, एवढाच अर्थ नव्हे. विवाह हेही पाचारणच आहे. तरीही समर्पित जीवनाचा विचार करणाऱ्या युवकांना व त्यांच्या पालकांना पुढील माहिती असावी.

धर्मगुरुपद: मुंबई महाधर्मप्रांतातील उमेदवारांचे प्रशिक्षण प्रामुख्याने गोरेगाव येथील सेंट पायस दहावे गुरुविद्यालयात होते. धर्मविधानानुसार तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास मिळून किमान सहा पूर्ण वर्षांचा असतो. त्याशिवाय पूर्वतयारीचा काळ व प्रत्यक्ष धर्मग्रामातील अनुभवाचा काळ असतो. गुरुदीक्षेसाठी किमान वय पंचवीस वर्षांचे आहे. म्हणजे बारावीनंतर निघालेल्या मुलाला विचार करण्यास, थांबण्यास व परत फिरण्यासही पुरेसा वेळ मिळतो.

व्रतस्थ जीवन: धर्मभगिनी, धर्मबंधू व संघीय धर्मगुरू यांचे अनेक संघ ठाणे व मुंबई परिसरात शिक्षण, आरोग्य व समाजकार्य या क्षेत्रांत काम करतात. प्रत्येक संघाची स्वतःची शिबिरे व प्रवेशपूर्व काळ असतो. एखाद्या संघाची माहिती घेणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

कायमस्वरूपी डीकन: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे प्राचीन पद पुनरुज्जीवित केले व पोप पौल सहावे यांनी १९६७ साली त्याचे नियम घालून दिले. विवाहित पुरुषांना पस्तिशीनंतर, पत्नीच्या संमतीने, ही दीक्षा घेता येते. मुंबई महाधर्मप्रांतात असे डीकन सेवा करीत आहेत. संत लॉरेन्स यांच्या नावाच्या धर्मग्रामात या पदाची ओळख युवकांना आवर्जून करून दिली जावी.

प्रापंचिक सेवा: वाचक, धर्मशिक्षक, ख्रिस्तशरीराचे विशेष सेवक, गायक, समाजसेवक, लेखक व पत्रकार ही सारी सेवेचीच रूपे आहेत. मराठी भाषक कॅथलिकांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण परिचित आहे. वसईच्या नंदाखाल येथे जन्मलेल्या या धर्मगुरूंनी ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादन केले. त्यांच्या ‘सुबोध बायबल : नवा करार’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. लेखणी हेही सेवेचे साधन आहे, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.

अडचणी आणि दक्षता

वेळ. पाळीत काम करणाऱ्या युवकाला रविवारी सकाळी येणे अशक्य असू शकते. धर्मविधानाच्या कलम १२४८ नुसार शनिवारी सायंकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे अनेकांना ठाऊक नसते. युवा मंडळाच्या बैठकीची वेळही रात्रपाळी संपवून आलेल्यांना विचारून ठरवली जावी.

भाषा. आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात; घरी मराठी बोलतात; आजीची प्रार्थना तिसऱ्याच बोलीत असते. मराठी मिस्साला येणारा तरुण मराठी वाचताना अडखळतो म्हणून त्याला वाचक होऊ न देणे हा उपाय नव्हे. आठवडाभर आधी पाठ हाती द्यावा आणि एखाद्या ज्येष्ठाने तो त्याच्याकडून दोनदा वाचून घ्यावा. यातून भाषा टिकते, वचन समजते आणि दोन पिढ्यांची ओळखही होते.

सुरक्षितता. जेथे मुले असतात तेथे त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था असलीच पाहिजे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा धर्मसंस्थांनाही तितकाच लागू आहे, आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा त्यानुसार अपराध आहे. पोप फ्रान्सिस यांच्या ७ मे २०१९ च्या आदेशानेही धर्मगुरू व व्रतस्थांवर तक्रार कळवण्याचे बंधन घातले. शिबिरे, सहली, वेदीसेवकांची तालीम व धर्मशिक्षण वर्ग यांत एकाहून अधिक जबाबदार प्रौढ उपस्थित असणे आणि तक्रार कोणाकडे करावी हे फलकावर लिहिलेले असणे, ही किमान अपेक्षा आहे. मुलांचा विश्वास मागणाऱ्या समूहाने प्रथम त्या विश्वासाला पात्र ठरावे.

पालकांचा विरोध. एकच मूल असलेल्या घरात धर्मगुरू वा धर्मभगिनी होण्याची इच्छा ऐकून आई-वडील धास्तावतात. म्हातारपणी कोण पाहणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. अशा वेळी उपदेशापेक्षा समूहाने त्या पालकांना आधाराची खात्री देणे अधिक मोलाचे ठरेल.

वर्षभराचे स्मरण

धर्मग्रामाला नियोजनासाठी उपयोगी पडतील असे काही दिवस येथे देत आहोत. २६ जानेवारी, संत तीमथ्य व तीत यांचा सण, तरुण सेवकांसाठी प्रार्थना. ६ फेब्रुवारी, संत गोन्सालो गार्सिया, धर्मशिक्षकांचा सत्कार. पास्काकाळाचा चौथा रविवार, पाचारणासाठी प्रार्थना. ४ ऑगस्ट, संत जॉन व्हियानी, धर्मगुरूंसाठी प्रार्थना. १० ऑगस्ट, संत लॉरेन्स, युवकांनी गरिबांच्या सेवेचा एक उपक्रम. ख्रिस्तराजाचा रविवार, धर्मप्रांतीय पातळीवरील युवा दिन. २०२१ पासून तो या रविवारी पाळला जातो. यापुढील जागतिक युवा मेळावा ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियातील सेऊल येथे योजिलेला आहे. तेथे जाणे थोड्यांनाच शक्य होईल. परंतु त्याच दिवसांत आपल्या धर्मग्रामात युवकांचे एक प्रार्थना-सेवा शिबिर घेणे कोणालाही शक्य आहे.

समारोप

युवक चर्चमध्ये येत नाहीत, अशी तक्रार करणे सोपे आहे. आम्ही सुचवू इच्छितो की, प्रत्येक वडीलधाऱ्याने या वर्षी एका दृढीकरण झालेल्या मुलाचे वा मुलीचे नाव जाणून घ्यावे, त्याच्यासाठी वा तिच्यासाठी रोज प्रार्थना करावी आणि आपल्या सेवेतील एक खरे काम त्याच्या वा तिच्या हाती द्यावे. ते काम पहिल्या वेळी आपल्याइतके नीट होणार नाही. दुसऱ्या वेळीही कदाचित होणार नाही. तरी ते काढून घेऊ नये. शेजारी उभे राहावे. आपल्यापैकी बहुतेकांची श्रद्धा अशीच कोणाच्या तरी धीराने वाढली आहे.

प्रभू येशू आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतींना आपला आवाज ओळखण्याची कृपा देवो, आणि तो ओळखण्यास त्यांना मदत करण्याची कृपा आपणा सर्वांना देवो.